जुन्या डिझेल गाडीचा हीटर कोमट: फोंड्याहून डिसेंबरात लाहौलला जायचंय

खांडेपार_काठ

गाडी २००४ची, २.५ लिटर टर्बो डिझेल. एसी आणि हीटर दोन्ही मूळचे. डिसेंबरच्या शेवटी फोंडा ते मनाली आणि पुढे अटल बोगद्यातून सिस्सू, केलांग असा बेत आहे. तिथे रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. आपला हीटर इथे फोंड्यातच कोमट वारा देतोय.

लक्षणं अशी. सपाट रस्त्यावर टेंपरेचरचा काटा पाव घराच्या वर जात नाही. अनमोड घाट चढताना अर्ध्यावर येतो, उतरायला लागलं की परत खाली. ब्लोअरला चार स्पीड आहेत, चालतो फक्त चौथा. रेडिएटरमध्ये साधं पाणी, रंग तपकिरी. पायाशी ओल नाही, वास नाही.

कुठून सुरुवात करू? डॅशबोर्ड खोलावाच लागेल का?

पाना_बारा_तेरा

काट्याने अर्धं उत्तर देऊन टाकलंय. सपाटीवर गार, चढाला गरम, उताराला पुन्हा गार, म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व) एक तर उघडाच अडकलाय किंवा जागेवरच नाही. गोव्यात दुसरी शक्यता जास्त. मे महिन्यात गाडी तापली की मेस्त सगळ्यात आधी थर्मोस्टॅट काढून बाजूला टाकतो, आणि इथे हीटर कोणी लावतच नसल्यामुळे पुढे वर्षानुवर्षं ते कोणाच्या लक्षात येत नाही.

हीटर कोमट असण्याची कारणं तीन ठिकाणी शोधायची. इंजिनातलं पाणी तापत नाही, तापलेलं पाणी हीटर कॉइलपर्यंत (डॅशमागच्या छोट्या जाळीपर्यंत) पोचत नाही, किंवा कॉइल गरम आहे पण तिच्यातून हवा जात नाही. याच क्रमाने बघा. डॅशबोर्डला आत्ता हात लावू नका.

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड होजला हात लावून बघा. थर्मोस्टॅट धड असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि काटा मध्याजवळ आला की पटकन तापतो. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट गेला समजा. हात पंख्यापासून लांब ठेवा. तुमच्या गाडीचा पंखा पट्ट्यावर असणार, म्हणजे इंजिन चालू तर पंखा चालू.

त्यानंतर वीसेक मिनिटं गाडी पळवून आणा, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर चालू. बॉनेट उघडून फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीतून) आत जाणारे दोन बारीक होज शोधा, आतून साधारण १६ मिमीचे. लेझर थर्मामीटर असेल तर दोन्हींचं तापमान घ्या. चकचकीत धातूवर ते यंत्र भलताच कमी आकडा दाखवतं, म्हणून नळीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा.

आत जाणारी नळी ८०च्या आसपास आणि बाहेर येणारी तिच्यापेक्षा १० ते १५ अंश कमी असेल तर पाण्याची बाजू ठीक. दोन्ही कोमट असतील तर इंजिनच गार. एक गरम आणि दुसरी बरीच गार असेल तर कॉइल चोंदलीय, हीटरचा कॉक (पाण्याची तोटी) पूर्ण उघडत नाही किंवा आत हवा अडकलीय. दोन्ही गरम आणि वारा मात्र गार, तर दोष फ्लॅपचा, म्हणजे हवा कॉइलकडे वळवणाऱ्या आतल्या पट्टीचा.

आकडे टाका, मग बोलू.

सुशेगाद

गोव्यात हीटर दुरुस्तीचा धागा! जानेवारीच्या पहाटे २० अंशाला आपल्याकडे लोक कानाला मफलर गुंडाळतात, तेवढ्यासाठी गाडीत भट्टी कशाला? त्या पैशात मनालीला दोन जाड रग येतील.

डिचोली_एक्सप्रेस

सुशेगाद बाब, गोव्याच्या गाडीला हीटर लागतो तो जुलैत. चोर्ल्यात किंवा आंबोलीत पाऊस आणि धुकं एकत्र आलं की काच आतून पांढरी होते. एसी आणि हीटर दोन्ही एकत्र लावायचे: एसीचं बटण चालू, तापमानाचा खटका मध्यावर किंवा थोडा लालकडे, हवा काचेवर, रीसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) बंद. एसीच्या कूलिंग कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन गळते, मग तीच कोरडी हवा हीटर कॉइलवरून तापून काचेवर येते आणि काच लगेच मोकळी होते. नुसता एसी काचेवर सोडला तर काच गार पडते आणि बाहेरच्या बाजूने धुरकटते. मग आपण आतून फडकं मारत बसतो.

दुसरा उपयोग मे महिन्यातला. घाटात काटा वर चढायला लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल. हीटर कॉइल म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच. घाम निघेल, पण वरची सपाटी गाठता येईल.

अनमोड_उतार

थर्मोस्टॅट काढण्यात चूक काय आहे ते मला अजून पटलेलं नाही. आपल्याकडे पाणी गोठायचा प्रश्न नाही, इंजिन गार राहिलं तर चांगलंच. थंडीत जायचं असेल तेव्हा बसवा, परत आल्यावर काढा.

पाना_बारा_तेरा

इंजिन गार राहणं चांगलं नव्हे, योग्य तापमानाला राहणं चांगलं. डिझेल इंजिन ६० अंशावर चालत राहिलं तर जळण पूर्ण होत नाही, धूर वाढतो, ऑईलमध्ये उतरलेलं पाणी आणि न जळलेलं डिझेल उडून जात नाही, पिस्टन रिंग आणि लायनर लवकर झिजतात. ॲव्हरेजही पडतो.

शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या बुडाला एक चकती असते. वरचा व्हॉल्व उघडला की ती बायपासचं भोक बंद करते, त्यामुळे सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायम उघडा. मग पाण्याचा बराचसा भाग रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरत राहतो. अशा गाड्या सपाटीवर गार आणि भर चढाला जास्त तापणाऱ्या होतात. ज्या तापण्यावर उपाय म्हणून काढला तेच वाढतं, आणि खरा दोष, म्हणजे चोंदलेला रेडिएटर किंवा झिजलेला वॉटर पंप, तसाच राहतो.

खांडेपार_काठ

आकडे आले. वरचा होज पहिल्या दोन मिनिटांतच कोमट व्हायला लागला. थर्मोस्टॅटचं घर उघडलं, आत काहीच नाही, नुसतं पॅकिंग आणि वर लाल सिलिकॉनचा थर.

हायवेवरून आल्यावर हीटरची आत जाणारी नळी ५८, बाहेर येणारी ३१. डॅशच्या मधल्या झडपेतून वारा ३४ अंश, बाहेरची हवा २९. होजवर कॉक आहे, केबलने फिरतो, खटका लाल बाजूला नेला की पूर्ण उघडतो असं दिसतंय.

पाना_बारा_तेरा

म्हणजे दोन दोष आहेत. ५८ हा थर्मोस्टॅट नसल्याचा आकडा. ५८ ते ३१ म्हणजे २७ अंशांची घसरण, याचा अर्थ पाणी कॉइलमधून जेमतेम ठिबकतंय आणि बाहेर पडेपर्यंत गार होतंय. कॉक बाहेरून फिरतो म्हणजे आतला गोळा फिरतोच असं नाही. होज सुटला की कॉकमधून फुंकून बघा.

थर्मोस्टॅट घेताना इंजिनच्या नंबरवरून घ्या. बुडाशी किंवा कडेला तापमान कोरलेलं असतं, बहुतेक ८२, काहींवर ८८. तुमच्या इंजिनाला जे मूळ आहे तेच. जास्त गरम हवा मिळेल म्हणून वरचा आकडा बसवू नका, परत गोव्यात याच इंजिनाला मे काढायचाय.

नवा असला तरी बसवण्याआधी उकळून बघा. पातेल्यात पाणी, थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून मधोमध लोंबता ठेवा, बुडाला टेकू देऊ नका. व्हॉल्वच्या फटीत दोऱ्याचं टोक अडकवा. दोरा सुटला की उघडायला सुरुवात झाली, त्या क्षणी थर्मामीटर वाचा. कोरलेल्या आकड्याच्या दोनतीन अंश इकडेतिकडे चालतं. ९५च्या आसपास व्हॉल्व ८ मिमी तरी उचलला गेला पाहिजे. बाहेर काढून गार झाल्यावर घट्ट बंद व्हायला हवा. उजेडाकडे धरून बघा, चहूबाजूंनी फट दिसता कामा नये.

बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे. कडेला बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन असते, ती वरच्या बाजूला यायला हवी, नाहीतर हवा तिथेच कोंडते. दोन्ही तोंडांवरचं जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडून काढा, ॲल्युमिनियमला चरे पाडू नका. पॅकिंग चांगलं असेल तर सिलिकॉनची गरज नाही. जास्तीचं सिलिकॉन आत सुटतं आणि पहिल्यांदा अडकतं ते हीटर कॉइलच्या बारीक नळ्यांतच. एम-८ बोल्ट असतील तर २० न्यूटन-मीटर, एम-६ असतील तर ८ ते १०. आवळताना दोन्ही बोल्ट आळीपाळीने, नाहीतर घराचा कान तुटतो.

कूलिंगवाला_मडगाव

कॉइल धुण्याचं मी सांगतो, रोजचंच काम आहे.

आधी कॉइल तांब्या-पितळेची आहे की ॲल्युमिनियमची ते ठरवा. फायरवॉलपाशी नळ्यांची टोकं दिसतात, नखाने किंवा ब्लेडने जरा खरवडली की रंग कळतो. २००४ची गाडी म्हणजे दोन्हींपैकी काहीही निघेल. हा प्रश्न महत्त्वाचा का, तर हार्डवेअरच्या दुकानातलं संडास धुण्याचं ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला लावला तर कॉइल संपली. तांब्याच्या कॉइललाही ते ॲसिड लावू नका, झाळ खातं.

इंजिन पूर्ण गार झाल्यावरच काम. रेडिएटरचं पाणी उतरवा, दोन्ही होज कॉइलकडून सोडा. जुना होज पिळून ओढू नका, कॉइलची नळी आतून हलते आणि मग खरंच डॅश खोलावा लागतो. होज उभा चिरा, सोलून काढा, नवा घाला. १६ मिमीचा हीटर होज मीटरवर मिळतो. साधा पाण्याचा पाइप चालत नाही.

आता बागेचा पाइप. आधी तो नुसताच दहा लिटरच्या बादलीत सोडा आणि बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा. मग कॉइलच्या बाहेरच्या नळीला जोडा, म्हणजे पाणी उलट्या दिशेने जाईल, आणि दुसऱ्या नळीतून बादलीत. दीडपटीहून जास्त वेळ लागला तर कॉइल चोंदलीय. नळ हळूहळू सोडा. दाब एक बारच्या आत ठेवायचा. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन किंवा टायरची हवा थेट लावायची नाही. पहिल्या लोटात चहाच्या चोथ्यासारखा गाळ येईल. पाणी नितळ झालं की दिशा उलटवा, पुन्हा नितळ होईपर्यंत, परत उलट.

त्यानंतर सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व, किराणा दुकानातलं चालतं. एक लिटर कोमट पाण्यात तांब्याच्या कॉइलला ५० ग्रॅम, ॲल्युमिनियमला २५. खालच्या नळीतून नरसाळ्याने भरा, वरच्या नळीतून बाहेर आलं की थांबा. ॲल्युमिनियमला वीस मिनिटं, तांब्याला तासभर. मग पुन्हा भरपूर पाणी दोन्ही दिशांनी. शेवटी चमचाभर खायचा सोडा दोन लिटर पाण्यात घालून ते एकदा फिरवा आणि स्वच्छ पाण्याने काढा. ॲसिडचा थेंब आत राहिला तर नवं कूलंट खराब होतं.

पुन्हा बादलीची परीक्षा घ्या. फरक पडला नाही तर अजून एकदा लिंबूसत्व, तिसऱ्यांदा नको. त्यानंतर कॉइल बदलणं स्वस्त.

हीटर धुतला आणि रेडिएटर व ब्लॉक तसाच ठेवला तर महिन्याभरात पुन्हा तेच. सगळी सिस्टीम एकत्रच धुवा.

खांडेपार_काठ

देव बरें करूं, कूलिंगवाले बाब! कूलंट कुठलं आणि किती घालायचं? इथे सगळे एसीचं गळणारं पाणी जमवून घालतात, ते चालेल?

डिचोली_एक्सप्रेस

एसीचं पाणी क्षारांच्या बाबतीत बरं असतं, पण कूलिंग कॉइलवरची धूळ, बुरशी आणि कॉइलचा धातू त्यात उतरतो. झाडांना घाला. डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन बॅटरीच्या दुकानात मिळतो, तोच आणा. विहिरीचं पाणी तर नकोच. जांभ्यातलं पाणी क्षारांनी हलकं असलं तरी आम्लाकडे झुकलेलं, आणि किनाऱ्याकडच्या विहिरींना मीठ लागलेलं असतं, ते ॲल्युमिनियमला छिद्रं पाडतं.

कूलंट आणि पाण्याचं प्रमाण निम्मं निम्मं. एथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधलं मूळ द्रव्य) ५० टक्के असेल तर मिश्रण साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. एक तृतीयांश घातलं तर उणे १७-१८. पुढे ७० टक्क्यांच्या वर नेलं तर गोठणबिंदू उलट वर येतो आणि पाणी कमी झाल्यामुळे उष्णता वाहून नेण्याची ताकदही घटते, म्हणून नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतणं हा शहाणपणा नव्हे. डब्यावर ‘प्री-मिक्स’ किंवा ‘रेडी टू यूज’ लिहिलं असेल तर त्यात पाणी आधीच असतं, वरून घालू नका.

इथे एक मेख आहे. धुतल्यानंतर ब्लॉकमध्ये बरंच पाणी उरतं, ते पूर्ण निथळत नाही. वर निम्मं-निम्मं मिश्रण भरलं की प्रत्यक्षात प्रमाण ३५ टक्क्यांवर येतं. म्हणून मॅन्युअलमध्ये एकूण क्षमता बघा, तिच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट आधी ओता, मग उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. क्षमता ८ लिटर असेल तर ४ लिटर कॉन्सन्ट्रेट. गाडी गरम करून, फिरवून, गार झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटरने तपासा. एक थेंब काचेवर ठेवला की रेषा थेट गोठणबिंदू दाखवते. हे यंत्र नसेल तर बॅटरीवाल्याकडे बहुतेक असतं.

रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं याला एकच असा नियम नाही. जुन्या पद्धतीचं, दोन वर्षांनी बदलायचं कूलंट आणि नवं ओएटी (सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं) एकमेकांत मिसळू नका.

जुनं कूलंट गटारात सोडायचं नाही. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

पाना_बारा_तेरा

रेडिएटरची टोपीही नवी घ्या, बहुतेक ०.९ बारची असते, जुनीवर कोरलेला आकडा बघून. केलांग ३,००० मीटरच्या वर आहे, तिथे साधं पाणी ९० अंशाच्या आसपास उकळतं. टोपीचं रबर कडक झालेलं असेल तर थर्मोस्टॅट पूर्ण उघडायच्या आत पाणी उकळायला लागतं आणि ओव्हरफ्लोच्या बाटलीत पळतं. मग हवा आत शिरते आणि हीटर पहिला गार पडतो.

हवा काढण्याची पद्धत: गाडीचं तोंड चढाला करा किंवा पुढची चाकं रॅम्पवर घ्या, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येईल. टोपी काढलेली, हीटर पूर्ण गरमवर, म्हणजे कॉक उघडा, ब्लोअर सगळ्यात हळू. ब्लीडिंग स्क्रू असेल तर सैल करा, धार बुडबुड्यांशिवाय आली की आवळा. स्क्रू नसेल तर वरच्या हीटर होजची क्लिप सैल करून होज नळीवरून जरासा मागे घ्या, पाणी आलं की परत. हे सगळं इंजिन गार असताना.

मग इंजिन चालू, आयडलवर. वरचा होज हाताने दाबा-सोडा करत राहा, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते. तेव्हा भरा, टोपी लावा, १,५०० ते २,००० आरपीएमवर दहा मिनिटं. गार होऊ द्या, पुन्हा बघा. गरम असताना टोपी उघडायची नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दरवर्षी कोणीतरी हात भाजून घेतं.

दोन-तीनदा हवा काढूनही बुडबुडे संपत नसतील आणि रेस केल्यावर वाढत असतील तर हेड गॅस्केट (ब्लॉक आणि सिलिंडर हेडमधलं पॅकिंग) तपासा.

मंदा_म्हापसा

ब्लोअरचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. फक्त शेवटचा स्पीड चालतो म्हणजे रेझिस्टर गेला. पहिल्या तीन स्पीडला करंट रेझिस्टरमधून जातो, चौथ्याला थेट. तो ग्लोव्हबॉक्सच्या मागे ब्लोअरच्या डक्टवर दोन स्क्रूंनी बसवलेला असतो, गुंडाळलेल्या तारा वाऱ्यात. तारांसोबत एक छोटा थर्मल फ्यूज असतो, बहुतेक तोच उडतो. त्याला तारेचा तुकडा टाकून डांबरट काम करणारे भेटतील, ते करू देऊ नका. पुढच्या वेळी फ्यूजऐवजी प्लास्टिकचा डक्ट वितळतो.

नवा रेझिस्टर लावण्याआधी मोटर तपासा, नाहीतर तोही जाईल. रेझिस्टर वाऱ्याने गार होतो. मोटर जड फिरत असेल तर करंट जास्त ओढते आणि वारा कमी देते, रेझिस्टर दोन्ही बाजूंनी भाजतो. मोटर काढून पंखा बोटाने फिरवा, सोडल्यावर दोनतीन फेऱ्या सहज फिरायला हवा. बुशात तेलाचा एक थेंब, कम्युटेटरवरची काजळी बारीक पॉलिशपेपरने. ब्रश संपलेले असतील तर मोटरच बदला. फुल स्पीडला दहा-पंधरा ॲम्पिअरच्या पुढे जात असेल तर मोटर संशयास्पद.

अर्थिंग विसरू नका. खाऱ्या हवेत इथल्या गाड्यांचे अर्थ पॉइंट हिरवे पडतात. ब्लोअर फुलवर ठेवून मीटरची एक तार मोटरच्या काळ्या वायरला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावा. ०.५ व्होल्टच्या वर दाखवलं तर बोल्ट काढून बॉडी घासा, आवळा आणि वर ग्रीस लावा. कनेक्टर तपकिरी झाला असेल तर पिन बदलून घ्या.

आणि काचेखालची जाळी उघडा. गाडी आंब्याखाली किंवा फणसाखाली उभी राहत असेल तर आत पाल्याचा मुठाभर लगदा निघेल. तिथूनच बाहेरची हवा आत येते.

अनमोड_उतार

मंदाताई, त्याच रांगेत कूलिंग कॉइलही येते ना? माझ्या माहितीप्रमाणे हवा आधी तिच्यातूनच जाते.

मंदा_म्हापसा

हो, हवा आधी कूलिंग कॉइलमधून आणि मग हीटर कॉइलमधून. या वयाच्या गाडीला केबिन फिल्टर नसेल तर कूलिंग कॉइलवर धूळ आणि ओलावा मिळून जाड गोधडी बसलेली असते. एसीलाही वारा कमी असेल तर दोष तिथेच. रेझिस्टर काढलेल्या भोकातून मोबाईलचा टॉर्च टाकून बघा. ब्रश आणि कॉइल क्लीनरने बाहेरूनच बरंच निघतं, त्यासाठी गॅस उतरवावा लागत नाही.

सुशेगाद

एक गंभीर प्रश्न, हसू नका. उत्तरेतले ट्रकवाले रेडिएटरपुढे पुठ्ठा लावतात. थर्मोस्टॅट बसवल्यावर तो लागतो का?

पाना_बारा_तेरा

हसत नाही, चांगला प्रश्न आहे. थर्मोस्टॅट धड असेल तर पाणी तापेपर्यंत रेडिएटरकडे जातच नाही, म्हणून शून्याच्या जवळपास पुठ्ठ्याची गरज नसते. पण उणे १० आणि लांब उतार असला की पट्ट्यावरचा पंखा इंजिनाच्या अंगावरच गार वारा मारत राहतो. तेव्हा खालचा अर्धा रेडिएटर झाकायला हरकत नाही. पूर्ण कधीच नाही, आणि इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारी जाळी) समोर असेल तर तो मोकळा ठेवा. काट्यावर नजर ठेवायची, चढ सुरू झाला की पुठ्ठा काढायचा. पंख्याला व्हिस्कस कपलिंग (गरम झाल्यावरच पंख्याला पकडणारा जोड) असेल तर इंजिन गार असताना हाताने फिरवून बघा. अजिबात सैल नसेल, पट्ट्याशी जखडल्यासारखा असेल तर कपलिंग गेलंय.

डिझेल इंजिन उभ्या उभ्या फारसं तापत नाही. सकाळी अर्धा तास आयडल करत बसण्यापेक्षा दोन-तीन मिनिटांनी निघा आणि २,००० आरपीएमच्या आसपास सावकाश चालवा.

डिचोली_एक्सप्रेस

हीटरशी जोडून एकच, पण जिवाचं. जुन्या गाडीचा सायलेन्सर आणि मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) पॅकिंग निघण्याआधी तपासा. ते फुंकत असेल तर बाहेरच्या हवेसोबत धूर केबिनमध्ये येतो. इंजिन आणि हीटर चालू ठेवून, काचा बंद करून गाडीत झोपायचं नाही. बर्फात सायलेन्सरचं तोंड बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो आणि त्याला वास नसतो.

आणि डिझेल मनालीच्या वर थोडंसं तरी तिथलंच भरा. गोव्यातलं डिझेल कडक थंडीत मेणासारखं गोठून फिल्टर बुजवतं. लडाखसाठी इंडियन ऑईलने २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत वाहणारं डिझेल काढलं ते याच कारणाने.

खांडेपार_काठ

थर्मोस्टॅट ८२चा बसवला, कॉइल उलटी-सुलटी धुतली (तांब्याची निघाली), कॉकही बदलला, आतला गोळा अर्धाच फिरत होता. नवे आकडे: आत जाणारी नळी ८१, बाहेर येणारी ६८, झडपेतून वारा ५७. काटा सपाटीवर मध्यावर स्थिर. रेझिस्टर लावला, चारही स्पीड चालतात.

आता नवीनच दुखणं. हीटर लावला की गोडसर वास येतो आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट धूसर थर बसतो. कूलंटची पातळी बोटभर खाली. बाहेर कुठे गळती दिसत नाही. पायाखालच्या मॅटच्या कडेला चिकट लागतंय.

कूलिंगवाला_मडगाव

कॉइलला छिद्र आहे. गंजाच्या गाळाने ते बुजलेलं होतं, धुतल्यावर उघडं पडलं. धुण्याने पडलेलं नाही, ते आधीपासूनच होतं, आणि केलांगला उघडं पडण्यापेक्षा फोंड्यात पडलेलं बरं. तिथे काचेवर आतून ग्लायकॉलचा थर बसला तर पुसूनही जात नाही.

लीक बंद करणारी पावडर किंवा द्रव ओतू नका. तो छिद्र बुजवतोच, सोबत आत्ताच मोकळ्या केलेल्या नळ्याही बुजवतो.

आता मात्र डॅश खोलावा लागेल. कॉइल बाहेर काढा. तांब्याची आहे म्हणून झाळता येते. रेडिएटरच्या दुकानात टबात बुडवून हवा भरून तपासायला सांगा, टोपी ०.९ बारची आहे तर १.५ बारपर्यंत, पाच मिनिटं, एकही बुडबुडा नको. छिद्र टाकीच्या जोडावर असेल तर झाळ टिकते. मधल्या बारीक नळ्यांत असेल आणि नळ्या पातळ झालेल्या दिसत असतील तर नवीच घ्या, झाळ लावताना शेजारची नळी फुटते. नवीसुद्धा बसवण्याआधी टबात बघा.

डॅश उघडलाच आहे तर फ्लॅपच्या कडेचा फोम बघा, या वयात तो बोटाला लागून चुरा होतो. ५ मिमी जाडीचा बंद पेशींचा चिकट फोम कापून लावा. साधा स्पंज लावाल तर पाणी पितो आणि वास मारतो. केबलची क्लिप लावताना खटका पूर्ण लालवर आणि फ्लॅप पूर्ण गरम बाजूला दाबून धरूनच क्लिप बसवा.

खांडेपार_काठ

आणि वाटेतच पुन्हा गळली तर?

कूलिंगवाला_मडगाव

डिकीत १६ मिमीचा यू आकाराचा होज, दोन क्लिपा, एक पेचकस आणि दोन लिटर तयार कूलंट ठेवा. इंजिन गार झाल्यावर फायरवॉलकडचे दोन्ही होज सोडा, इंजिनाच्या बाजूच्या दोन नळ्या यूने एकमेकींना जोडा, आवळा, भरा, हवा काढा. हीटर नसेल पण गाडी चालेल. सरळ होज वाकवून लावू नका, मध्ये मुडपतो. बसवलेल्या नव्या क्लिपा पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर इंजिन गार असताना पुन्हा एकदा आवळा. नवं रबर दबतं.